ऑक्टेव्हिया व्हीआरएसची टाकी: साधं, पंच्याण्णव की शंभर?

ज्यांना घाई आहे त्यांना उत्तर आधीच सांगते. माझ्याकडं २०१८ ची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस आहे. तिच्यात मी एक्सपी९५ भरते, म्हणजे इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल. एक्सपी१००, म्हणजे त्यांचंच १०० ऑक्टेनचं, वर्षातून एकदा, आणि तेही वेगासाठी नाही. साधं पेट्रोल नाइलाज असेल तरच. पण 'प्रीमियम चांगलं, साधं वाईट' असं मला अजिबात म्हणायचं नाही. घरच्या वॅगन-आरमध्ये मी गेली सात वर्षं साधंच पेट्रोल भरते आणि पुढंही तेच भरणार. एकाच घरातल्या दोन गाड्यांना दोन वेगळी उत्तरं का, ते नीट सांगायचं म्हणून एवढं लिहायला बसले आहे.

माझं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून ओतून आलेली सिलिंडर हेड आमच्याकडं मशीनिंगला येतात. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं गॅरेज होतं. त्यामुळं इंजिन आतून कसं दिसतं हे मी शाळेत असल्यापासून बघत आले. व्हीआरएस मी जानेवारी २०२२ मध्ये पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून घेतली, ४१,००० किलोमीटर चाललेली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. दिसायला घरगुती सेदान, पण तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. डॉक्टरांनी सर्व्हिसची फाइल दिली, जादाचे टायर दिले. पेट्रोल कोणतं भरायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिले चार महिने साधंच भरलं. मे २०२२ मध्ये सावंतवाडीला एका लग्नाला गेलो होतो, येताना आंबोली घाटातून. दुपारचे दोन, गाडीत चौघं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी पूर्ण. अण्णा शेजारी बसले होते. अर्धा घाट चढल्यावर त्यांनी काच खाली केली.

"एसी चालू आहे अण्णा."

"असू दे. जरा भिंतीकडनं घे गाडी."

डोंगराच्या कड्याला लागून गाडी चालली की इंजिनाचा आवाज दगडावर आपटून परत येतो. गॅरेजवाले जुने लोक असंच ऐकतात. अण्णांनी कान बाहेर काढला, मला म्हणाले, "पाय दाब." मी दाबला. "ऐकलंस? कढईत तीळ तडतडल्यागत. नॉकिंग हाय ते. तेल कसलं घातलंस?"

मला ऐकू आलं, पण त्यांनी सांगितल्यावर. बारीक, कोरडा आवाज, पाय दाबल्यावर क्षणभरच आणि लगेच गायब. तो गायब का होतो हे मला माहीत होतं. इंजिनाच्या ब्लॉकला नॉक सेन्सर असतो, त्याला तो धक्का जाणवला की कॉम्प्युटर ठिणगी पडायची वेळ थोडी मागं घेतो. आवाज थांबतो, पण त्याबरोबर ताकदही जाते. अण्णांच्या काळात हेच काम हातानं चालायचं. पद्मिनी नॉकिंग करायला लागली की ते ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचे, इंजिन चालू ठेवून कॅप दोन बोटांनी इकडं तिकडं फिरवायचे, आवाज ऐकत ऐकत एका जागी थांबायचे आणि बोल्ट आवळायचे. त्यांचा अंगठा पुढच्या तीन महिन्यांसाठी ठिणगीचं टायमिंग ठरवायचा. माझ्या गाडीत तोच अंगठा मिनिटाला हजारो वेळा हलतो.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा अण्णांनी पेट्रोलचं झाकण उघडायला लावलं. आतल्या बाजूच्या स्टिकरवर ९५ लिहिलेलं होतं. घरी येऊन पुस्तिका काढली. तिच्यात स्पष्ट आहे: कमीत कमी ९५. तेवढं मिळालंच नाही तर त्यापेक्षा थोड्या कमी आकड्याचं चालेल, पण ताकद थोडी कमी होईल आणि पेट्रोल थोडं जास्त जाईल. त्याहूनही खालचं भरायची वेळ आली तर इंजिनावर जोर न देता बेतानं चालवा. आणि मी साध्या पेट्रोलच्या ९१ वर चार माणसं घेऊन, मे महिन्यात, घाट चढत होते.

हा आकडा नेमका कशाचा आहे, हे सांगितल्याशिवाय पुढचं सगळं पोकळ आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त आग भरलेली नसते. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं पसरत गेली पाहिजे. पण पिस्टननं मिश्रण दाबून दाबून इतकं तापवलेलं असतं की लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योतीची वाट न बघता आपणहून भडकू शकतं. मग त्या अचानक भडक्याचा दाबाचा धक्का सिलिंडरच्या भिंतींवर आदळतो. तेच नॉकिंग. असं आपणहून भडकायला पेट्रोल किती विरोध करतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० धरलं, हेप्टेनला शून्य, आणि बाकी सगळ्यांची तुलना त्या दोघांच्या मिश्रणाशी. ज्या इंजिनात दाब कमी, तिथं भडकायचा धोकाच कमी, म्हणून तिथं ९१ पुरतं. टर्बो हवा आधीच कोंबून आत ढकलतो, त्यामुळं तिथं जास्त विरोध करणारं पेट्रोल लागतं. वॅगन-आर आणि व्हीआरएसचं उत्तर वेगळं ते यामुळं.

माझ्या टेबलावर एक पिस्टन ठेवला आहे. दुसऱ्याच एका टर्बो गाडीचा, दुरुस्तीला आलेल्या इंजिनातून मागून घेतलेला. वरच्या रिंगच्या खोबणीची कड एका बाजूला तीन-चार मिलिमीटर तुटली आहे आणि डोक्यावर बारीक खड्डे आहेत, उंदरानं कुरतडल्यासारखे. बोट फिरवलं तर खरखर लागते. मालकानं त्या गाडीचा कॉम्प्युटर बदलून जादा ताकद काढून घेतली होती आणि पेट्रोल पूर्वीचंच ठेवलं होतं. साध्या चालवण्यात, कंपनीच्या सेटिंगवर असं सहसा होत नाही, सेन्सर सांभाळून घेतो. पण तो सांभाळून घेतो म्हणजे रोज त्याला सांभाळायला लावावं असं नाही.

दुसऱ्याच दिवसापासून एक्सपी९५ सुरू केलं. आधी टाकी रिझर्व्हपर्यंत रिकामी केली, मग फुल. फरक पहिल्या किलोमीटरला जाणवला असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पाइपात, टाकीच्या तळात जुनं पेट्रोल असतं, आणि कॉम्प्युटरलाही नवीन पेट्रोल ओळखायला वेळ लागतो. मला शंभर-सव्वाशे किलोमीटरनंतर कळलं. गावात, राजारामपुरीच्या गर्दीत, काहीच फरक नाही. हायवेला किणी टोलनाक्यानंतर ट्रक ओलांडताना मात्र जो अर्धा क्षण गाडी विचार करायची, तो गेला. घाटात अण्णांनी पुन्हा काच खाली केली, कान लावला, आणि वर केली. बोलले काहीच नाहीत.

इथवरची गोष्ट सोपी आहे. पण २०२२ नंतर आपल्या पंपावरचं साधं पेट्रोलच बदललं. २०२२ च्या मध्याला इथेनॉलचं प्रमाण दहा टक्क्यांवर आलं होतं, २०२५ पर्यंत ते वीस टक्के झालं, म्हणजे ई२०. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वी ८८ होता, बीएस६ या प्रदूषण नियमांत ९१ झाला आणि ई२० मुळं ९५ पर्यंत गेला. मग माझ्यासारखीनं लिटरमागं जास्त पैसे का द्यायचे? प्रश्न रास्त आहे. एप्रिल-मे २०२५ मध्ये मी स्वतः ते तपासून बघितलं होतं.

पद्धत अशी. टाकी रिकामी करून एका जातीचं पेट्रोल फुल भरायचं. दीडशे किलोमीटर चालवून कॉम्प्युटरला बसू द्यायचं. मग वाघबीळपासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत चढायचं, एकदा सकाळी सहाला आणि एकदा दुपारी दोनला. दोन माणसं, एसी चोवीसवर, गिअर हातानं तिसऱ्यात अडकवलेला. अण्णा मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंशांनी मागं घेतली जाते ते दिसतं, माझ्याकडं तो आकडा पाऊण पाऊण अंशाच्या पायऱ्यांनी चढतो. प्रत्येक पेट्रोलच्या दोन टाक्या, म्हणजे दोन महिने हेच चाललं होतं. मंगळवारी-बुधवारी जायचो, शनिवार-रविवार पन्हाळ्याला पर्यटकांमुळं रस्ता मोकळा मिळत नाही.

सकाळी तिन्ही पेट्रोलांत सांगण्यासारखं काही निघालं नाही. हवा थंड असली की इंजिनाला धाप लागत नाही. दुपारी मात्र चित्र वेगळं. साध्या पेट्रोलवर तिसरा सिलिंडर ३ ते ३.८ अंश मागं घेत होता, बाकीचे २ च्या आसपास. एक्सपी९५ वर चारही सिलिंडर दीड अंशाच्या आत. एक्सपी१०० वर बहुतेक वेळ शून्य, मधूनच कुठं पाऊण. अण्णांना साध्या पेट्रोलवरही आवाज ऐकू आला नाही. आंबोलीतली तीळ तडतडल्याची गोष्ट ई२० वर परत घडली नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. साधं आणि ९५ यांच्यातलं अंतर २०२२ च्या मानानं खूपच आटलं आहे.

तरीही मी ९५ का भरते? कारण त्या नोझलवर आकडा लिहिलेला आहे. साध्या पेट्रोलच्या मशीनवर दर असतो, घनता असते, पण ऑक्टेन किती हे मी जाते त्या एकाही पंपावर लिहिलेलं नाही. माझ्या गाडीच्या झाकणावर आकडा आहे, मग पंपाच्या मशीनवर का नसावा? इथेनॉल किती टक्के आणि ऑक्टेन किती, हे दोन आकडे प्रत्येक नोझलशेजारी ठसठशीत छापले पाहिजेत. युरोपात पंपावर ई५, ई१० असं लिहिलेलं असतं, अमेरिकेत पिवळ्या चौकोनात ऑक्टेन असतो. आपण लिटरला शंभराच्या वर पैसे मोजतो, मग काय घेतोय ते वाचायला मिळालंच पाहिजे. ज्या दिवशी साध्या पेट्रोलच्या मशीनवर ९५ छापलेलं दिसेल, त्या दिवशी मी एक्सपी९५ बद्दल पुन्हा विचार करेन.

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून एक गोंधळ दूर करते. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. तो म्हणाला, "आम्ही तर ८७ भरतो, तुमचं साधंच ९१, म्हणजे तुमचं आमच्या प्रीमियमएवढं झालं." तसं नाही. तिकडचा आकडा दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो, आपल्याकडचा एकाच चाचणीचा, आणि ती एक चाचणी नेहमी वरचा आकडा देते. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१-९२. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. परदेशातल्या लोकांचे अनुभव वाचून आपल्या गाडीबद्दल ठरवत असाल तर आधी हा हिशोब करून घ्या.

आता इथेनॉलबद्दल. आमचं आजोळ शिरोळ तालुक्यात. मामांचा ऊस कारखान्याला जातो, आणि कारखान्याचं इथेनॉल विकलं गेलं की उसाचे पैसे हातात पडायला मदत होते, हे आम्ही घरात बघितलंय. त्यामुळं इथेनॉलला नावं ठेवताना माझी जीभ अडते. पण इंजिनाच्या बाजूनं खरं ते खरं. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की ई२० साठी न बनवलेल्या चारचाकीचं अॅव्हरेज ६ ते ७ टक्के कमी होऊ शकतं. माझी गाडी २०१८ ची, म्हणजे ई२० च्या आधीची. रबरी पाइप, सील, पंप यांच्याकडं मी आता दर सर्व्हिसला मुद्दाम बघायला लावते. अजून काही निघालेलं नाही.

आणि इथं पुष्कळ लोकांची फसगत होते. 'प्रीमियम भरलं की इथेनॉल टळतं' असं समजून लोक एक्सपी९५ भरतात. टळत नाही. एक्सपी९५ मध्येही इथेनॉल आहेच. इथेनॉल नसलेलं हवं असेल तर एक्सपी१००.

एक्सपी१०० ची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्याबद्दलच येतात. इंडियन ऑइलनं ते डिसेंबर २०२० मध्ये आणलं, पहिल्या शहरांत मुंबई आणि पुणे होतं. मला ते पुण्याला काम निघालं की मिळतं. मी भरलं तेव्हा भाव १६० च्या घरात होता. पंपावर त्याचं मशीन वेगळं, एका बाजूला, आणि ते चालवणारा माणूसही ठरलेला. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पुढं एक लाल पोर्शे होती आणि मागं एक केटीएम बाइक. पोर्शेवाल्या काकांनी टाकी फुल केली, केटीएमवाल्या पोरानं पाचशेचं घातलं आणि मोबाइलवर मीटरचा फोटो काढला. त्या पोराची हौस मला कळते. मीही नोझल आत गेल्यावर आकड्यांकडं बघत उभी होते.

पुण्याहून कोल्हापूरला येताना खंबाटकीत गाडी काय चालली म्हणून सांगू! पाय टेकवला की उत्तर. रेव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे, चढताना कुठंही अडखळ नाही, आवाज एकसारखा, तेल लावल्यासारखा. कॉम्प्युटरला एकही अंश मागं घ्यावा लागत नव्हता, ते अंगाला जाणवत होतं. अॅव्हरेजही वाढलं, इथेनॉल नसल्यामुळं. पण हिशोब वहीत लिहिला तेव्हा मी जमिनीवर आले. हायवे आणि गाव मिळून, त्या वेळच्या भावानं: साधं पेट्रोल १०४ रुपये, अॅव्हरेज १२, म्हणजे किलोमीटरला ८ रुपये ६७ पैसे. एक्सपी९५ एकशे साडेअकरा, अॅव्हरेज १२.३, म्हणजे ९ रुपये ७ पैसे. एक्सपी१०० एकशे साठ, अॅव्हरेज १२.९, म्हणजे १२ रुपये ४० पैसे. साधं आणि ९५ यांत किलोमीटरला चाळीस पैसे. ते मी डोळे झाकून देते. ९५ आणि १०० यांत सव्वातीन रुपयांच्या वर. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर तीन हजारांच्या वर. तेवढ्यात वर्षभरात चांगल्या टायरचा संच येतो आणि शिवाय ब्रेक पॅड. टायर बदलल्यावर गाडी जितकी बदलते तितकी ती शंभरच्या पेट्रोलनं बदलत नाही, हे मी दोन्ही करून सांगते. माझ्या गाडीचा कॉम्प्युटर ९५ धरून बनवलेला आहे. त्याला पाहिजे त्याहून वरचं दिलं तर उन्हाळ्यातली घट भरून निघते, नवी ताकद येत नाही. ज्यांच्या पुस्तिकेत ९८ लिहिलंय, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी भरावं आणि खुशाल भरावं.

भारत पेट्रोलियमचं स्पीड आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर हेही याच जातीचे पर्याय आहेत. स्पीड ९७ मी प्रवासात तीन-चारदा भरलं, तक्रार काही नाही, पण वही ठेवून तपासलेलं नाही, म्हणून त्यावर निकाल देत नाही.

'इंजिन साफ करतं' हा जो दावा प्रत्येक प्रीमियमच्या फलकावर असतो, त्याबद्दल एकच सांगते. त्यात घातलेली रसायनं इंजेक्टर स्वच्छ ठेवायला उपयोगी पडतात, ते मान्य. पण ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथं ते हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला लागतच नाही. तिथं बसलेली काजळी कोणत्याही पेट्रोलनं धुतली जाणार नाही, ती हातानंच काढावी लागते. आमच्याकडं आलेल्या हेडमध्ये मी ती पाहिलीय, जळलेल्या गुळासारखी, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडावी लागणारी.

पंपाबद्दल थोडं. एकदा हायवेवरच्या एका पंपावर मी ९५ सांगितलं, पैसे ९५ चे घेतले गेले, आणि बिलावर एमएस छापून आलं. एमएस म्हणजे साधं. मी बिल दाखवलं तर "मॅडम, सगळं एकच असतंय" असं उत्तर मिळालं. एकच असेल तर दर दोन का, असं विचारल्यावर मॅनेजर आले आणि फरकाचे पैसे परत दिले. पण मला पैसे नको होते, ९५ हवं होतं. पुढं निपाणीपर्यंत मी पाय हलका ठेवून गेले. उलटही घडतं: दुसऱ्या एका ठिकाणी वॅगन-आरमध्ये न विचारता प्रीमियमचं नोझल घातलं. म्हणून मी आता गाडीतून उतरते, नोझलचा रंग आणि नाव बघते, शून्य बघते, आणि बिल हातात घेऊन त्यावरचं नाव वाचूनच निघते. शंका आली तर फिल्टर पेपर मागायचा आपल्याला हक्क आहे. पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकायचा, उडून गेल्यावर गडद डाग राहिला तर भेसळीची शंका. पाच लिटरचं माप मागायचाही हक्क आहे. लाजायचं काही कारण नाही, चांगले पंपवाले हसत करून दाखवतात. माझा नेहमीचा पंप मी यावरूनच निवडला. शिवाय तिथं ९५ ला गिऱ्हाईक भरपूर आहे, त्यामुळं जमिनीखालच्या टाकीत माल पडून राहत नाही. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात ज्या पंपावर प्रीमियमकडं कुणी फिरकत नाही, तिथं मी प्रीमियम भरत नाही.

कुणी भरू नये तेही सांगते. आमच्या दुकानातला एक पोरगा दर रविवारी पल्सरमध्ये प्रीमियम भरायचा. गाडी चांगली राहावी म्हणून, मन लावून. मी त्याला पुस्तिका आणायला लावली. त्यात ९१ चालेल असं लिहिलेलं. त्या महिन्याला त्यानं साधं भरलं, वाचलेल्या पैशांतून एअर फिल्टर आणि चेनचं स्प्रे आणलं. गाडीवर जीव असणं चांगलंच, पण तो जीव गाडीला लागेल अशा जागी लावावा. वॅगन-आर, अॅक्टिव्हा, स्विफ्ट, बहुतेक सगळ्या साध्या गाड्या ९१ वर चालायलाच बनवल्या आहेत. त्यांच्या कॉम्प्युटरला ९५ मिळालं काय आणि ९१ मिळालं काय, ठिणगी तिच्या वेळेवरच पडणार. आणि एखाद्या आडवाटेला टर्बो गाडीत साधंच भरावं लागलं तर घाबरू नका. अर्धी टाकी ९५ असेल तर वरून साधं घालून घरी या, फक्त घाटात खालच्या गिअरमध्ये चढा, इंजिनाला कमी रेव्हवर ओढायला लावू नका.

वर्षातून एकदा मी एक्सपी१०० का भरते, ते राहिलं. जूनमध्ये मला दीड-दोन महिन्यांसाठी कामानिमित्त चेन्नईला जावं लागतं. गाडी घरी उभी राहते, आणि कोल्हापूरचा पाऊस म्हणजे भिंतीलाही बुरशी येते. टाकीत इथेनॉल असलेलं पेट्रोल दोन महिने दमट हवेत ठेवायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून मेच्या शेवटी पुण्याला जाऊन टाकी जवळजवळ रिकामी करते आणि गळ्यापर्यंत शंभर भरून आणते, म्हणजे वर हवेला जागाच कमी राहते. दर रविवारी सकाळी अण्णा गाडी बाहेर काढतात, रंकाळ्याला एक चक्कर मारतात आणि मला फोन करतात. गेल्या वर्षी पहिल्याच फोनवर म्हणाले, "काच खाली करून भिंतीकडनं आणली. गप हाय गाडी."